‘एवढी खेप होऊ दे, मग बघू’

ट्रकमालक वाचकांच्या पत्रांत तीन प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतात. गाडीचं पासिंग झालेलं होतं, तरी ब्रेक लागले नाहीत. आता दोष कुणाचा? ड्रायव्हरने सांगितलं होतं, मीच ‘पुढच्या आठवड्यात करू’ म्हणालो होतो. मग मीही अडकेन का? आणि विमा कंपनी पैसे देईल का?

बहुतेक पत्रं एक-दोन गाड्यांच्या मालकांची असतात. हप्ता, डिझेल, टोल, टायर आणि ड्रायव्हरचा पगार वजा जाता महिन्याला हातात काय उरतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मीही काही वर्षं एका सहाचाकीचा अर्धा मालक होतो. म्हणून ‘सुरक्षेत तडजोड नको’ असली पाटी इथे लावत नाही. कुठे दहा मिनिटं घालवायची, कुठे पैसे घालायचे आणि कुठे गाडी उभी करायची, एवढंच सांगतो.

पासिंग झालं म्हणजे काय झालं?

नव्या मालवाहू गाडीला पहिली २ वर्षं फिटनेस असते. त्यानंतर गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग करावं लागतं. मुदत संपली की कायद्याच्या नजरेत गाडीची नोंदणीच वैध राहत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ मध्ये आहे. म्हणजे ‘दोन दिवस उशीर झाला, त्यात काय’ म्हणत सोडण्यातली ही गोष्ट नाही.

पण पासिंग हा त्या एका दिवसाचा निकाल आहे. ब्रेकचे लायनर भरलेल्या गाडीने घाट उतरताना झिजतात, प्रमाणपत्राच्या तारखा पाहून झिजत नाहीत. शिवाय पासिंगच्या दिवशी दुसऱ्या गाडीचे टायर चढवून नेणारे आणि संध्याकाळी परत उतरवणारे मालक मी पाहिलेत. त्यांनी आरटीओला फसवलं की स्वतःला, हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

पासिंग नाकारलं गेलं तर हे लक्षात ठेवा:

- नाकारण्याची कारणं लेखी मागा. ती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. एजंटने तोंडी सांगितलेलं कारण धरून खर्च करू नका.
- निर्णय चुकीचा वाटला तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येतं.
- दोष खरा असेल तर दुरुस्ती करून पुन्हा तपासणीला जाणं अपिलापेक्षा नेहमीच स्वस्त पडतं.

निघण्याआधीची दहा मिनिटं

खंडेनवमीला आपण गाडी धुतो, झेंडू बांधतो, बंपरला लिंबू-मिरची लावतो. श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही. फक्त वर्षातून एकदा गाडीच्या पुढे हात जोडणारा मालक वर्षातून एकदा तरी गाडीच्या खाली गेलाय का, असा प्रश्न पडतो. रोज खाली जायचं काम ड्रायव्हर-क्लीनरचं. त्यासाठी त्यांना वेळ मिळेल असं बघायचं काम तुमचं.

- हवा. टाकीतलं पाणी रोज सोडा. पावसाळ्यात ते जास्त साठतं आणि व्हॉल्व्ह गंजवतं. मग इंजिन चालू करून हवा पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा आणि पेडल एक मिनिट दाबून धरा. काटा डोळ्यांदेखत खाली येत असेल तर गळती आहे. क्लीनरला खाली कान देऊन ‘फुस्स’ कुठे होतंय ते ऐकायला सांगा.
- बझर. पेडल पुन्हा पुन्हा मारून हवा उतरवा. हवा कमी झाल्यावर बझर वाजला पाहिजे. सतत वाजतो म्हणून वायरच काढून ठेवलेल्या गाड्या रस्त्यावर कमी नाहीत. तसं असेल तर आधी ती जोडा.
- चाकं. नटांभोवती गंजाची ओली रेघ दिसली तर नट सैल पडलाय. टॉमीने प्रत्येक टायर ठोकून आवाज ऐका. जोडचाकांतलं आतलं चाक बसलेलं असलं तरी बाहेरून दिसत नाही, आवाजावरून मात्र कळतं.
- पाटे आणि स्टेअरिंग. पाटा तुटला किंवा सरकला तर गाडी एका अंगाला झुकते. उभ्या गाडीत स्टेअरिंग किती फिरल्यावर चाक हलतं ते बघा. कालच्यापेक्षा ढिलं वाटलं तर तेवढं कारण पुरेसं आहे.
- मागचे दिवे. ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी. पट्टीवरची धूळ फडक्याने पुसायला अर्धं मिनिटही लागत नाही.

गाडीखाली जाण्याआधी चाकांना लाकडी ठोकळे लावा, जमीन सपाट दिसत असली तरी.

मागच्या दिव्यांचं आणखी एक. रात्री बंद पडून कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर मागून आदळणारी मोटरसायकल किंवा कार, हा आपल्या महामार्गांवरचा नेहमीचा अपघात आहे. गाडी बंद पडली की चारही इंडिकेटर चालू करा आणि परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. त्रिकोण नसला की आपण झाडाच्या फांद्या तोडून ठेवतो, दगड मांडतो. नाइलाजाने ठीक आहे. पण गाडी सुरू झाली की तेच दगड रस्त्यात ठेवून निघून जाण्याची जी पद्धत आहे, तिने किती दुचाकीवाले पडले असतील कोण जाणे.

घाट उतरताना

इथे थोडं जास्त बोलतो, कारण मोठी हानी इथेच होते.

४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळ पळासनेर इथे मुंबई-आग्रा महामार्गावर एक कंटेनर वाहनांना धडक देत थेट रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान १० माणसं गेली. ब्रेक निकामी झाल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना एका मालवाहू गाडीने कितीतरी वाहनं ठोकरली. डिझेल वाचवायला ड्रायव्हरने गाडी न्यूट्रलला टाकली होती, असं पोलिसांनी सांगितलं.

‘ब्रेक फेल’ या शब्दाने असं वाटतं की काहीतरी तुटलं आणि नशीब फिरलं. पुष्कळदा तसं नसतं. साडेअठरा टनांची गाडी ३०० मीटर खाली उतरते तेव्हा तिच्यातून निघणारी ऊर्जा जवळजवळ एक पिंपभर, म्हणजे पावणेदोनशे लिटरच्या आसपास, साधं पाणी उकळीपर्यंत नेईल इतकी असते. ही उष्णता कुठेतरी जायलाच हवी. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिचा मोठा वाटा घेतं. न्यूट्रलला असली की सगळी ड्रम आणि लायनरवर येते. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते, पेडल खोल जातं, ड्रायव्हर घाबरून पुन्हा पुन्हा पेडल मारतो आणि टाकीतली हवा संपते. जळका वास येतो तोवर उशीर झालेला असतो.

आता डिझेलचा हिशेब. उतारावर गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरून पाय काढला की पंप इंजिनचं डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल खातं. म्हणजे न्यूट्रलने वाचत काहीच नाही, उलट थोडं जास्त जातं. आणि चावी फिरवून इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर हवा भरायचा थांबतो, पॉवर स्टेअरिंग दगडासारखं होतं. ड्रायव्हरला ‘ॲव्हरेज काढलास तर बक्षीस’ सांगणाऱ्या मालकांनी हे त्याला समोर बसवून समजावून सांगावं. कारण न्यूट्रलची सवय बहुतेक त्या बक्षिसातूनच लागते.

बोरघाट, कसारा, खंबाटकी, कुंभार्ली, आंबा, घाट कुठलाही असो:

1. उतार सुरू व्हायच्या आधी थांबा. हवेचा काटा बघा, पेडल एकदा दाबून बघा.
2. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी हा घाट चढेल, त्याच्या आसपासच्याच गिअरमध्ये उतरा. हा गिअर माथ्यावरच टाका. उतारावर वेग चढल्यावर खालचा गिअर पडत नाही, गाडी न्यूट्रलला अडकते.
3. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो आधी वापरा. पायाचा ब्रेक थोडा वेळ नीट दाबून वेग कमी करा आणि सोडा. पेडलवर पाय टेकवून ठेवू नका.
4. वास आला, पेडल खोल गेलं किंवा बझर वाजला तर पहिल्या सुरक्षित जागी थांबा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, ड्रमला तडा जाऊ शकतो. गाडीला तासभर द्या.

‘पार्टी ओरडेल’ हे तास न देण्याचं कारण असतं. पार्टीला मालकाने फोन करावा, ड्रायव्हरने नाही.

टायर

नियमाने ट्रकच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खोबणीत बारीक उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पावसात मी त्याही आधी बदला म्हणेन, निदान पुढचे तरी. टायरच्या भिंतीवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: ‘३२२१’ दिसलं तर २०२१ चा बत्तिसावा आठवडा. स्वस्तात मिळालेला ‘नवाकोरा’ टायर गोदामात किती वर्षं पडून होता ते इथे कळतं.

रिमोल्ड वापरा, त्यात वावगं काही नाही. फक्त पुढच्या चाकांना वापरू नका. मागच्या जोडीतला एक फुटला तर गाडी सांभाळता येते, पुढचा फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही.

वजन: ‘दोन टन जास्त, काय होतंय’

जुलै २०१८ मध्ये केंद्राने वजनाच्या मर्यादा वाढवल्या. दोन ॲक्सलच्या सहाचाकीची एकूण मर्यादा १६.२ वरून १८.५ टन झाली. त्यावरून ‘आता जुन्या गाडीतही तेवढं चालतं’ असा समज पसरला आहे. आरसीवर लिहिलेला आकडा हीच तुमची मर्यादा; शेजाऱ्याच्या नव्या गाडीचा आकडा तुम्हाला लागू नाही.

जादा वजन सापडलं तर कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत आणि उतरवण्याचा खर्चही तुमचाच. वजन करायला नकार दिला तर दंड ४०,००० रुपये. तुमच्या बाजूने हे आहे की अधिकारी गाडी वजनकाट्यावर मनाला येईल तितकी लांब नेऊ शकत नाही. पुढच्या मार्गापासून १० किलोमीटर किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत, अशी कलम ११४ ची मर्यादा आहे. काट्याची पावती मागून घ्या.

पार्टी जादा भरायला सांगते तेव्हा ते बिल्टीवर लिहून द्यायला सांगा. लिहून देत नाहीत. मग तुम्हीही भरू नका.

गॅरेज आणि ‘डुप्लिकेट’

आमच्या सहाचाकीला एकदा रस्त्यावरच्या गॅरेजात लायनर टाकले. खोका कंपनीचा होता, छपाई झकास होती. तीन आठवड्यांत लायनर काचेसारखे चकचकीत झाले आणि गाडी ब्रेक मारताना डावीकडे ओढू लागली. बिल नव्हतं, जुने लायनर त्याच्याकडेच राहिले होते, आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. तेव्हापासूनचे नियम:

- लायनर एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एकच बाजू ‘ॲडजस्ट’ करून घेतली की गाडी ओढते.
- काढलेले पार्ट ताब्यात घ्या, बिलावर पार्टचा नंबर लिहून घ्या.
- काम झाल्यावर गाडी रिकामी चालवून बघा आणि पैसे त्यानंतर द्या.

‘आम्ही धंदा करतो, आम्हाला ग्राहक न्यायालय नाही’ असं बरेच मालक धरून चालतात. पोटापाण्यासाठी स्वतःच्या श्रमावर चालवलेल्या व्यवसायाकरता घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वगळलेली नाही. एकच ट्रक असेल आणि तुम्ही स्वतः तो चालवत असाल तर तुमची बाजू भक्कम आहे. तक्रारीची मुदत २ वर्षं. बिल मात्र हवंच.

वही, आणि गाडी थांबवण्याचा अधिकार

आता दुसऱ्या प्रश्नाकडे: मालक अडकतो का?

कलम १९० वाचा. दोष असलेली गाडी जो चालवतो त्याला, आणि जो ती ‘चालवायला लावतो किंवा चालवू देतो’ त्यालाही ते लागू आहे. दोष माहीत असला तर लागू आहेच. साधी काळजी घेतली असती तर कळला असता, अशा दोषालाही लागू आहे. दंड १,५०० रुपये. त्या दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. माणूस दगावला तर निष्काळजीपणाचे गंभीर गुन्हे वेगळे.

यावर एका वाचकांनी मला विचारलं, ‘मग ड्रायव्हरची तक्रार वहीत लिहून घेणं म्हणजे आपल्याच विरुद्ध पुरावा नाही का?’ प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तर असं की ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव कायद्याने तुम्हाला ठेवलेलाच नाही. मग वहीमुळे तुमचं काय जातं? तक्रार मंगळवारची आणि दुरुस्तीचं बिल बुधवारचं असेल तर तीच वही तुमच्या बाजूने उभी राहते. नुसती तक्रार लिहून दुरुस्ती न करणाऱ्याने मात्र वहीला जरूर घाबरावं.

वही साधी शंभर पानी पुरते. तारीख, किलोमीटर, तक्रार, कुणी सांगितली, काय केलं, बिल नंबर. ‘ठीक आहे’ हा शेरा चालणार नाही. हवेचा काटा कुठे होता ते लिहा.

पण वहीच्याही आधीची एक गोष्ट आहे. बहुतेक ड्रायव्हरांना पैसे खेपेवर मिळतात. ब्रेक मऊ लागतोय असं त्याने सांगितलं, गाडी दोन दिवस गॅरेजात गेली, की त्याचा भत्ता बुडतो. खरं बोलणाऱ्यालाच तोटा. मग तो गप्प बसतो आणि आपण म्हणतो, ‘ड्रायव्हर लोक सांगतच नाहीत.’ म्हणून दुरुस्तीसाठी गाडी उभी राहिली त्या दिवसाचा ठरावीक भत्ता ड्रायव्हर-क्लीनर दोघांना द्या, आणि कामावर घेतानाच ते सांगा. ब्रेक, स्टेअरिंग, टायर या तीन कारणांसाठी ‘आज गाडी निघणार नाही’ असं ड्रायव्हर म्हणाला तर मालकाने वाद घालायचा नाही, हाही ठराव तेव्हाच करून टाका. कुणी कामचुकारपणा करेल ही भीती मलाही होती. तसं एक-दोनदा झालंही. त्याचा खर्च एका टायरपेक्षा कमी होता.

झोपेलाही हेच लागू. दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास हा कामगार कायद्यातला दंडक आहे. ‘रात्रीतून नागपूर गाठ’ असं फोनवर सांगताना तो आठवावा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. जुन्या गाडीत निदान एक चांगला पंखा आणि झोपता येईल अशी गादी द्या.

विमा कंपनी पैसे देईल का?

- दुसऱ्याचं नुकसान: लायसन्स, परमिट किंवा अशा एखाद्या अटीचा भंग झाला असला तरी पीडिताला कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयांनी अनेकदा दिले आहेत. म्हणजे ‘कंपनीने दिले’ ऐकून निर्धास्त होऊ नका. ती रक्कम तुमच्या घरावर येऊ शकते.
- स्वतःच्या गाडीचं नुकसान: पूर्ण विमा असेल तरच प्रश्न. जादा वजनासारख्या भंगात दावा साफ नाकारला गेला तर तिथेच सोडून देऊ नका. अशा दाव्यांत ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने अमलेंदू साहू प्रकरणात २०१० मध्ये मान्य केली आहे. नकाराचं पत्र घेऊन वकिलाकडे जा.
- लायसन्स, फिटनेस, परमिट, पीयूसी आणि विमा या पाच मुदती फोनवर गजर लावून ठेवा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली कागदपत्रं रस्त्यावर मूळ कागदांइतकीच चालतात.

अपघात झालाच तर

ड्रायव्हरला एवढं पाठ करून द्या: जखमीला दवाखान्यात पोहोचवायचं आणि पोलिसांना कळवायचं. कलम १३४ मध्ये ही त्याची जबाबदारी आहे. जमाव अंगावर येत असेल तर तिथून निघून जाण्याची मुभाही त्याच कलमात आहे, पण मग जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, २४ तासांच्या आत हजर व्हायचं. पळून गप्प बसणं आणि जीव वाचवून ठाण्यात जाणं यांतला फरक कायद्याला कळतो. २०२५ पासून अपघातग्रस्ताला ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोकडविना मिळण्याची योजना लागू आहे. दवाखाना आधी पैसे मागत असेल तर ड्रायव्हरने तिचं नाव घ्यावं.

तपासणीसाठी गाडी नेली तर ती कुठे नेली हे मालकाला कळवावं लागतं, आणि औपचारिकता झाल्यावर ती विनाकारण अडवून ठेवता येत नाही. कलम १३६ चा हवाला देऊन लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. ब्रेकची तपासणी मोटार वाहन निरीक्षक करतात. त्यांच्या अहवालाची प्रत मागा, पुढचा सगळा दावा तिच्यावर उभा राहतो.

आणि ती शंभर पानी वही. ती केबिनमध्ये असते, त्यामुळे गाडीबरोबर तीही ठाण्याच्या आवारात जाऊन बसते आणि नेमकी हवी तेव्हा हातात नसते. दर शनिवारी ड्रायव्हरने भरलेल्या पानांचे फोटो काढून तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवावेत. बिलं घरच्या पिशवीत ठेवा, डॅशबोर्डवर नको.